कपाटात एकतीस, पडद्यावर नऊ

नवतपा चालू असताना नागपुरात कुणी फोन करून "जरा येऊन जा" म्हटलं की पोटात गोळा येतो. मे संपत आलेला, पारा पंचेचाळिसाच्या आसपास, आणि वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडमचा फोन आला तो नेमका दुपारी दोनला. "बेटा, तुमचं ते सर्च काही बरोबर नाही करून राहिलं. वऱ्हाड टाकलं तं नऊच पुस्तकं दाखवते. माझ्या कपाटात एकतीस आहेत."

मी फोनवरच निदान करून टाकलं. म्हटलं, मॅडम, नोंदी भरणाऱ्या मुलांनी शुद्धलेखनात गडबड केली असेल, बावीस पुस्तकांत शब्द वेगळा पडला असेल. मॅडम म्हणाल्या, "नाही ना रे. पुस्तक दाखवते तं बरोबरच दाखवते. फक्त सापडत नाही." या वाक्यात सगळं उत्तर होतं. मला ते कळायला चार दिवस लागले, आणि मधल्या काळात मी नसलेलं एक नुकसान करून ठेवलं.

आधी कामाबद्दल थोडं. आम्ही तिघं जण गायत्रीनगरच्या आयटी पार्कपासून दोन गल्ल्या अलीकडे एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसतो. पोटापाण्याचं काम परदेशी ग्राहकांचं: दुकानांचे डॅशबोर्ड, बुकिंगचे फॉर्म, तेच ते. वाचनालयाचं काम जवळजवळ फुकटात घेतलेलं, कारण आमच्यातल्या एकाचं शाळकरी वय तिथल्या बाकांवर गेलंय. काम साधं होतं. पुस्तकांची यादी वेबवर आणायची, सभासदाला घरून शोधता आली पाहिजे, आणि काउंटरवर देवघेव नोंदवता आली पाहिजे. सुमारे बावीस हजार पुस्तकं. माहिती पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये, वरचा भाग जावास्क्रिप्टचा.

नोंदी मात्र दोन पिढ्यांच्या होत्या. सुमारे चौदा हजार नोंदी जुन्या संगणकावर, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) आधीच्या एका फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, त्या नंतर कुणीतरी कन्व्हर्टरमधून काढून एक्सेलमध्ये ठेवल्या होत्या. उरलेल्या आठ हजार कॉलेजच्या मुलांनी दोन उन्हाळ्यांत इनस्क्रिप्ट कीबोर्डवर भरल्या. आम्ही दोन्ही फाइली एकाखाली एक जोडल्या, परिग्रहण क्रमांक (म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक) जुळतात का ते पाहिलं आणि काम झालं असं समजलो. पुस्तकांची नावं उघडून पाहिली तर छान दिसत होती. आणखी काय पाहायचं?

फोननंतरचे पहिले दोन दिवस नेहमीच्या वाटांनी गेले. सहकाऱ्याने कॅश रिकामी केली, इंडेक्स पुन्हा बांधला, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, तीनदा तपासली. क्वेरी निर्दोष होती. 'वऱ्हाड' या शब्दाला नऊ ओळी, एक कमी नाही की जास्त नाही. तिसऱ्या दिवशी मी मेट्रोने बर्डीपर्यंत आणि पुढे ऑटोने वाचनालयात गेलो.

कूलरच्या ताट्यांतून वाळ्याचा वास येत होता. मॅडम मला बसायलाही न सांगता काउंटरवरच्या संगणकाकडे घेऊन गेल्या आणि त्यांनी नोटपॅडची एक फाइल उघडली. फाइलचं नाव 'शब्द'. पहिल्या दोन ओळींत एकच शब्द दोनदा लिहिलेला:

वऱ्हाड
वर्‍हाड

"हा नवा वऱ्हाड, हा जुना वऱ्हाड," मॅडम बोट ठेवत म्हणाल्या. "नवा टाकला तं नऊ येतात. जुना कॉपी करून टाकला तं बावीस येतात. मी दोन्ही टाकून पाहते नं, मग बेरीज करते." खाली आणखी जोड्या होत्या: तऱ्हा, दऱ्या, शेतकऱ्यांचे, ताऱ्यांचे. प्रत्येक शब्द दोनदा. जुन्या नोंदीतून उचललेला एक, स्वतः टाइप केलेला एक. महिनाभर त्या असं काम चालवत होत्या आणि त्यांना वाटत होतं की संगणक म्हटलं की असं असतंच.

मी दोन्ही ओळी उचलून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये टाकल्या आणि लांबी विचारली. पहिल्याची सहा, दुसऱ्याची सात. मग एकेक अक्षर सुटं करून त्याचा क्रमांक काढला. पहिल्यात व, ऱ, हलन्त (पाय मोडायची खूण), ह, काना, ड. दुसऱ्यात व, र, हलन्त, मग एक काहीही न दिसणारं, मग ह, काना, ड. न दिसणाऱ्याचा क्रमांक यू+२००डी. त्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर, आमच्या तोंडी झेडडब्ल्यूजे. रुंदी शून्य, चेहरा नाही, काम फक्त शेजारच्यांनी कसं जुळून बसायचं ते सांगायचं. आईबाप आणि मुलं असा कुटुंबाचा जो इमोजी असतो, तो याच डिंकाने चिकटवलेला असतो.

आता हे दोन वऱ्हाड आले कुठून? इनस्क्रिप्टवर र आणि ऱ एकाच कळीवर आहेत. साधी दाबली की र, शिफ्टसह दाबली की ऱ. मुलांना शिकवलं होतं की ऱ घ्या, त्याचा पाय मोडा, पुढे ह किंवा य द्या. कन्व्हर्टरने मात्र र घेतला, पाय मोडला आणि झेडडब्ल्यूजे लावला. यात कुणाचीच चूक नाही, दोन्ही रीती युनिकोडला मान्य आहेत. युनिकोडमधल्या देवनागरीचा पाया आपल्याकडच्या इस्की मानकाचा, आणि इस्कीत ऱ चा पाय मोडायची रीत होती. १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये र, हलन्त आणि जॉइनर अशी रीत सांगितलेली होती. पुढे इस्कीशी जुळणारी रीत मुख्य झाली, पण तोवर लिहिला गेलेला मजकूर मोडू नये म्हणून दुसरीही ठेवावी लागली. पडद्यावर दोन्हींचा आकार एकच येतो. डेटाबेस आकार बघत नाही, बाइट बघतो. यूटीएफ-८ मध्ये यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एक वऱ्हाड अठरा बाइटांचा आणि दुसरा एकवीस बाइटांचा. पोस्टग्रेसच्या लेखी त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तिसरा वऱ्हाडही असू शकतो, साध्या र खाली नुक्ता देऊन केलेला. त्याची मात्र सोय आहे. युनिकोडच्या एनएफसी या पद्धतीने मजकूर एकरूप केला की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. जावास्क्रिप्टमध्ये हे नॉर्मलाइझ २०१५ पासून आहे, पोस्टग्रेसमध्ये २०२० च्या तेराव्या आवृत्तीपासून. पण एनएफसी झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. मी लावला.

रात्री दीडची दुरुस्ती

घरी आल्यावर जेवण झालं आणि लॅपटॉप उघडला. न दिसणारी चिन्हं काढून टाकणारा चार ओळींचा तुकडा आमच्या जुन्या प्रकल्पांत पडलेलाच होता. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून मजकूर चिकटवला की शून्य रुंदीच्या जागा, फाइलीच्या सुरुवातीची खूण असला कचरा सोबत येतो, तो झाडायला वापरायचो. इंग्रजी नावं आणि ईमेल पत्ते यांच्यावर तो कित्येक वर्षं निमूट चाललेला. तोच मी पुस्तकांच्या नावांवर आणि लेखकांच्या नावांवर चालवला. वेगळ्या प्रतीवर नाही, थेट चालू डेटाबेसमध्ये. शोधपेटीतही तोच लावला, म्हणजे वाचक काय टाइप करेल तेही आधी झाडलं जाईल.

मग तपासलं. तपासलं म्हणजे काय, तर मॅडमच्या फाइलमधला जुना वऱ्हाड टाकला. बावीस ओळी आल्या. तो आधीही सापडत होता, आताही सापडला. नवा टाकून पाहायचं भान दीड वाजता राहिलं नाही. सहकाऱ्याला 'झालं' असा निरोप टाकून मी झोपलो.

चौथ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन. आवाज रागावलेला नव्हता, बुचकळ्यात पडलेला होता. "बेटा, हे 'शेतकर्यांचे' काय असते?" त्यांनी ते अक्षरं फोडून वाचलं: शेत, कर्यां, चे. जुन्या पुस्तकांच्या पाठीवर लावायला त्यांनी त्याच सकाळी १४० लेबलं छापली होती. त्यातल्या पुष्कळांत काही बिघडलं नव्हतं. उरलेल्यांत ताऱ्यांचे 'तार्यांचे' झाले होते, दऱ्यांचा 'दर्या' झाला होता आणि वऱ्हाडाच्या ह वर रफार चढून 'वर्हाड' असं काहीतरी तयार झालं होतं.

हे असं का झालं ते सहकाऱ्याला मी त्याच सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उभं राहून समजावलं, कारण उदाहरण ताटातच होतं. र चा पाय मोडून पुढे व्यंजन आलं की देवनागरीचा नेहमीचा नियम लागतो आणि र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. तर्रीतला र असाच वर चढलेला आहे. वऱ्हाडातला र चढत नाही, तो ह च्या आधी आडवा राहतो, आणि जुन्या नोंदींत त्याला आडवा धरून ठेवणारा होता तो बिनचेहऱ्याचा जॉइनर. मी त्याला कचरा समजून उचलला, र डोक्यावर जाऊन बसला. मराठीत हा दिसण्यापुरता फरकही नाही. आचार्यास दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यास दिलेली दक्षिणा दोन वेगळ्या माणसांच्या खिशात जाते. दर्या एक असतो, दऱ्या पुष्कळ.

बातम्यांच्या संकेतस्थळांवर 'शेतकर्यांना' असं छापलेलं मी वर्षानुवर्षं पाहत आलोय आणि दरवेळी तिथल्या लिहिणाऱ्याला मनात नावं ठेवत आलोय. आता वाटतं, त्यातल्या पुष्कळ ठिकाणी लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलं असेल आणि मागे कुठेतरी माझ्यासारख्या कुणाच्या तरी चार ओळी चालल्या असतील.

नुकसान भरून काढणं त्यामानाने सोपं गेलं, ते आमच्या हुशारीने नाही, शिस्तीने. रोज पहाटे तीनला डेटाबेसची प्रत निघते आणि सात दिवसांच्या प्रती ठेवलेल्या असतात. माझ्या उद्योगाच्या आदल्या पहाटेची प्रत वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडली. परिग्रहण क्रमांकावर दोन्ही जुळवल्या आणि जिथे फरक फक्त न दिसणाऱ्या चिन्हांचा होता, तेवढ्याच ओळींची नावं परत आणली. मधल्या काळात भरलेल्या नव्या नोंदींना धक्काच लागला नव्हता, कारण त्या शिफ्टच्या कळीने टाइप केलेल्या होत्या. त्यांच्यात काढण्यासारखं काही नव्हतंच. दुपारपर्यंत शेतकऱ्यांचे शेतकरी परत आले. लेबलं मात्र गेली ती गेली. त्यांचे पैसे आम्ही दिले, मॅडम नको म्हणत असताना.

मूळ नोंद तशीच, किल्ली वेगळी

यानंतर सर्वांत जास्त वाद आमच्यात झाला तो एका प्रश्नावर: सगळ्या जुन्या नोंदी नव्या रीतीत बदलून टाकाव्यात का? सहकाऱ्याचं म्हणणं होतं, बदला आणि मोकळे व्हा. माझं मत एका रात्रीत पालटलेलं होतं. नोंदवहीत जे आहे ते आपलं नाही, वाचनालयाचं आहे. शिवाय बदलून भागत नाही; उद्या कुणी फोनवरून, कुणी घरच्या लॅपटॉपवरून, कुणी दुसऱ्या यादीतून चिकटवून लिहिणार, आणि प्रत्येकाचा कीबोर्ड त्याच्या मनाने चिन्हं पाठवणार. म्हणून नाव आहे तसं ठेवलं आणि शेजारी शोधाची किल्ली म्हणून एक स्तंभ केला. तो माणसाला कधी दिसत नाही. पोस्टग्रेसच्या बाराव्या आवृत्तीपासून असा स्तंभ डेटाबेस स्वतःच दुसऱ्या स्तंभावरून बनवून साठवून ठेवतो, त्यामुळे नाव बदललं की किल्ली आपोआप बदलते.

किल्ली बनवण्याच्या फंक्शनमध्ये क्रम हाच सगळा जीव आहे. आधी एनएफसी. मग र, हलन्त, झेडडब्ल्यूजे असा तिघांचा गट दिसला की त्याच्या जागी ऱ आणि हलन्त. त्याच्यानंतरच उरलेली न दिसणारी चिन्हं काढायची. दुसरी आणि तिसरी पायरी उलटी झाली की पुन्हा माझी ती रात्र. आणि वाचक शोधपेटीत जे लिहितो ते याच फंक्शनमधून जातं. आधी आम्ही तेच काम जावास्क्रिप्टमध्येही लिहिलं होतं, म्हणजे एकच नियम दोन ठिकाणी. ते दुसऱ्याच दिवशी काढलं. दोन ठिकाणी लिहिलेला नियम सहा महिन्यांत दोन नियम होतो.

याच फंक्शनमध्ये ॲ ची पंचाईतही मिटवली. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक काय करणार? कुणी अ वर चंद्र ठेवला, कुणी ए वरचा चंद्र म्हणजे ऍ घेतला. म्हणून आमच्या यादीत ॲटलास तीन तऱ्हांनी लिहिलेला होता. अ आणि चंद्र ही जोडी ॲ सारखीच दिसते, पण एनएफसी त्यांना एक मानत नाही. ते हाताने सांगावं लागतं. ऑ चंही तेच, अ वर काना-चंद्र किंवा आ वर चंद्र देऊन केलेला ऑ आपल्या ऑ शी आपोआप जुळत नाही. किल्लीत तिन्हींचा ॲ आणि सगळ्यांचा ऑ केला.

वाटेत आणखी एक जुनं भूत सापडलं. पुस्तकाच्या पानाचा पत्ता बनवणारं एक तयार साधन आम्ही वापरत होतो. 'अक्षरं तेवढी ठेव, बाकी काढ' असा त्याचा नियम. युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी, मात्रा, हलन्त ही अक्षरं नव्हेत, चिन्हं आहेत. त्यामुळे पत्त्यांत वऱ्हाडाचा 'वऱहड' झाला होता आणि वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पत्त्याकडे कोण पाहतो. पत्त्यात आता नुसता परिग्रहण क्रमांक टाकतो.

चाचण्या या वेळी मी लिहिल्या नाहीत. म्हणजे कोड मी लिहिला, शब्द मॅडमनी दिले. 'शब्द' फाइलमधल्या सगळ्या जोड्या जुळल्याच पाहिजेत अशी एक यादी, आणि जुळता कामा नयेत अशी दुसरी. दुसरी यादी मला एकट्याला सुचली नसती. आचार्य आणि आचारी यांची रूपं, दर्या आणि दऱ्या, अशा सात-आठ जोड्या त्यांनी पेन्सिलने एका जुन्या कार्डाच्या पाठीवर लिहून दिल्या. ते कार्ड आमच्या फ्लॅटमध्ये मॉनिटरच्या कडेला चिकटवलेलं आहे. फंक्शनला कुणीही हात लावला की आधी त्या दोन्ही याद्या चालतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा काउंटरवर गेलो. मॅडमनी नवा वऱ्हाड टाकला: एकतीस. जुना टाकला: एकतीस. मग कपाटाकडे जाऊन त्यांनी प्रत्यक्ष मोजले, माझ्या समोर, आणि परत आल्या. "बत्तीस आहेत. एक नोंदवायचंच राहिलं होतं." त्यांनी ते पुस्तक तिथेच भरून घेतलं.

उठता उठता त्यांनी फाइलमध्ये नव्याने लिहिलेली ओळ दाखवली: वाङ्मय. वाचनालयात हा शब्द येणारच, शेकड्यांनी येणार. जुन्या फॉन्टवर ङ सापडत नाही म्हणून टाइप करणाऱ्यांनी कुठे वाड्मय केलं होतं, कुठे ड लिहून पुढे टिंब दिलं होतं, कुठे वांग्मय. "हेही एकच करून टाक नं," त्या म्हणाल्या.

मी बसून विचार केला आणि नाही म्हटलं. दोन वऱ्हाड एकच शब्द होते, फक्त आत वेगळे लिहिलेले. वाड्मय हे वेगळं लिहिलेलं वाङ्मय नाही, ते चुकीचं लिहिलेलं आहे, आणि चुकीचं कोणतं हे पुस्तक हातात घेतल्याशिवाय ठरत नाही. एखाद्या जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच तसं छापलेलं असू शकतं. मी त्यांना संशयास्पद नोंदींची यादी काढून दिली, दर ओळीत परिग्रहण क्रमांक आणि कपाटाचा क्रमांक. मॅडमनी यादी छापून घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या कपाटापासून सुरुवात केली.